वीस सामन्यांची अट

नॉर्मनइतक्या सरळ माणसाला खजिनदार करू नये, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. तो माझ्या धाकट्या बहिणीचा, डोरीनचा नवरा. स्केलब्रोच्या चढावर त्याचे तळलेल्या माशांचे आणि बटाट्यांचे दुकान होते, आणि दुकानातून उरलेला सगळा जीव गावाच्या रग्बी क्लबात होता. दुकानात काउंटरवर मी असे आणि सामन्याच्या दिवशी क्लबाच्या चहाच्या खोलीतही मीच. म्हणजे हा माणूस आठवड्याचे सातही दिवस माझ्या डोळ्यांसमोर. डोरीनच्याही वाट्याला तो इतका आला नसेल.

त्याला खोटे बोलता येत नसे. गिऱ्हाइकाने मासा ताजा आहे का असे विचारले, की हा सांगणार, "कालचा आहे, पण बरा आहे." मी काउंटरखालून त्याच्या पायावर पाय देई. तो माझ्याकडे वळून विचारी, "काय झालं, विनी?" मग गिऱ्हाईकही हसे आणि तोच मासा घेऊन जाई. माझ्या बहिणीने या माणसात काय पाहिले हे मला कळत नसे असे नाही, पण दुकान चालवायला तेवढे पुरत नाही.

आमचा क्लब म्हणजे खालच्या गटात रखडणारा, स्टँडच्या छपरातून पाणी गळणारा. आठवडाभर खाणीत नाहीतर गिरणीत राबणारी माणसे रविवारी दुपारी तिथे एकमेकांना चिखलात लोळवत आणि सोमवारी लंगडत कामावर जात. समितीवर मोटारी विकणारा क्रॉसलँड अध्यक्ष होता, एक दारूच्या गुत्त्याचा मालक होता, एक तिरड्या-पेट्यांचा धंदा करणारा होता, आणखी दोघेतिघे होते. नव्या पोराला किती द्यायचे हे ठरवायची वेळ आली, की या सगळ्यांना एकदम दुसरी कामे आठवत. जास्त दिले तर जुने खेळाडू फुगून बसतात, कमी दिले तर पोराची आई बाजारात तोंड फिरवते. म्हणून ते घोंगडे वर्षानुवर्षे नॉर्मनच्या गळ्यात होते.

आमच्याकडची रीत अशी, की पोराच्या घरी जाऊन, स्वयंपाकघरात बसून, त्याच्या आईबापांशी दर ठरवायचा. पोराने त्या वेळी खोलीत असायचे नाही. स्वतःची किंमत कानावर पडली की डोक्यात हवा जाते, असे जुन्या लोकांचे म्हणणे. सगळे ठरले, चहा झाला, की मग पोराला हाक मारायची आणि सहीला बसवायचे.

ग्लेन इबॉटसन तेव्हा सतरा वर्षांचा होता, खाणीवर विजेचे काम शिकत होता आणि गुत्त्यामागच्या मैदानावर पोरांच्या संघातून खेळत होता. नॉर्मन त्याला पाहायला तीनदा गेला आणि तिसऱ्यांदा परत आला तेव्हा बटाटे सोलायचे विसरून गेला. मी विचारले, तर म्हणाला, "विनी, त्याला मैदानाच्या कडेला, बगलेवर चेंडू मिळाला ना, की बाकीची पोरं उभी असल्यासारखी वाटतात." असे तो कुणाबद्दलही बोलत नसे. मी म्हटले, तुला दिसले ते शहरातल्या मोठ्या क्लबालाही दिसले असेल. दिसले होतेच. त्यांनी दीड हजार पौंड रोख देऊ केले होते.

बुधवारी दुपारी दुकान बंद असे. त्या बुधवारी नॉर्मन इस्त्रीचा शर्ट घालून इबॉटसनांकडे गेला, आणि ग्लेनची आई मेव्हिस माझी शाळेपासूनची मैत्रीण म्हणून मीही गेले. ग्लेनचा बाप हॅरल्ड शेगडीजवळच्या खुर्चीत बसला होता. खाणीतल्या धुळीने त्याची छाती पार गेली होती. न्हाणीघर वरच्या मजल्यावर होते आणि तिथवर त्याला ग्लेनच उचलून नेई. मेव्हिसला खालच्या मजल्यावर न्हाणीघर बांधायचे होते. पोराच्या खेळाचे पैसे त्यासाठीच, हे तिने चहा ओतायच्या आधीच सांगून टाकले.

नॉर्मनकडे दीड हजार नव्हते. क्लबाकडे जेमतेम पाचशे होते, तेही उसने काढल्यासारखे. पण मोठ्या क्लबापेक्षा कमी देऊन पोराला फसवणे त्याच्या मनाला पटेना. म्हणून तो रात्रभर विचार करून एक तोड काढून आला होता, आणि त्या तोडीचा त्याला, खरे सांगते, अभिमान वाटत होता.

"पाचशे आता," तो म्हणाला. "आणि पहिल्या संघातून वीस सामने खेळला, की आणखी अडीच हजार. एकूण तीन."

मेव्हिसने साखरेचे भांडे खाली ठेवले. "आणि वीस नाही खेळला तर?"

"मेव्हिस, हा पोरगा वीस सामने नाही खेळला, तर दोष त्याचा नसेल, माझ्या डोळ्यांचा असेल."

"दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं ना, तर दार दाखवलं असतं मी त्याला," मेव्हिस म्हणाली. हॅरल्डने खोकत खोकत मान हलवली. मग ग्लेनला जिन्यावरून खाली बोलावले. पायांत नुसते मोजे, कान लाल झालेले. त्याने सही केली आणि विचारले, "सराव कधीपासून?"

नॉर्मनची चूक काय ते तिथेच सांगून टाकते. वीस सामने होतील का, हे पोराच्या पायांवर अवलंबून आहे असे तो धरून चालला. चांगल्या खेळाडूला मुद्दाम बाहेर बसवणारा क्लब असू शकतो, हे त्याच्या डोक्यात आलेच नाही. स्केलब्रोत वाढलेल्या कुणाच्याच डोक्यात ते आले नसते. आमच्याकडे लोक लग्नाची तारीख पुढे ढकलतात, पण पळणाऱ्या पोराला बगलेवरून काढत नाहीत.

ग्लेन खेळला, आणि काय खेळला. त्याच्याकडे चेंडू आला की चहाच्या खोलीतल्या माझ्या बायका किटल्या तशाच ठेवून खिडकीशी धावत. मी ओरडायची सोडून स्वतःही जाई. गर्दी वाढली. गुत्त्यात त्याला बियर कोण पाजणार यावरून भांडणे होत, आणि तो तर लिंबूपाणी पिणारा. मेव्हिस शुक्रवारी मासे घ्यायला आली, की नॉर्मन तिला किती सामने झाले ते सांगे, आणि वरून बटाट्यांचा एक झारा जास्त टाकी. तिने गवंड्याला बोलावून न्हाणीघराची जागाही दाखवून ठेवली होती.

एकोणिसावा सामना झाला त्यानंतरच्या मंगळवारी समिती बसली. मी चहा आणि मांसाच्या कचोऱ्या घेऊन आत गेले आणि कुणी जा म्हटले नाही म्हणून तिथेच राहिले. क्रॉसलँड काही राक्षस नव्हता. त्याने शांतपणे सांगितले, की बँकेने हात आखडता घेतला आहे, क्लबाचे खाते उण्यात आहे, आणि वाढलेल्या गर्दीचे पैसे छपराची डागडुजी आणि खेळाडूंचे हप्ते यांतच गेले आहेत. रविवारी इबॉटसनचा पोरगा विसावा सामना खेळला, की अडीच हजार द्यावे लागणार.

"कुठून द्यायचे ते तूच सांग, नॉर्मन," तो म्हणाला. "बाकीच्या पोरांचे थांबवू? त्यांनाही घरं आहेत."

नॉर्मन म्हणाला, क्लबाने शब्द दिला आहे.

"शब्द कुठे मोडतोय? राखीव संघातून खेळू दे त्याला. राखीव संघाचे सामने धरायचे नाहीत, असं तुझ्याच कागदात आहे ना?"

ते खरे होते. नॉर्मनने ते वाक्य घातले होते पोराच्याच भल्यासाठी, म्हणजे उगाच राखीव संघात वीस सामने खेळवून कुणी त्याला तिथेच ठेवू नये म्हणून. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांचे हात वर झाले. विरोधात एकट्या नॉर्मनचा. तिरड्यावाल्याने तर त्याच्याकडे पाहायचेही टाळले आणि माझ्याकडे आणखी एक कचोरी मागितली. मी म्हटले, संपल्या.

ग्लेनला कुणी काही सांगितले नाही. त्याने गुरुवारी फळ्यावरची नावे वाचली आणि त्याला वाटले, आपलेच काहीतरी चुकते आहे. तो सरावाला सगळ्यांच्या आधी येऊ लागला, सराव संपल्यावर कोळशाच्या राखेच्या टेकडीवर धावत चढू लागला. कोचला विचारी, मी काय सुधारू. कोच बापडा काय सांगणार? म्हणे, चेंडू डाव्या बगलेत धरायचा सराव कर. आणि पोरगा तो सराव करत बसे. मला ते बघवत नसे.

शेवटी मेव्हिसच दुकानात आली. शुक्रवारची रांग दारापर्यंत होती. तिने विचारले, "नॉर्मन, काय चुकलं त्याचं?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, कोचला विचार, नाहीतर पोराला जरा विश्रांती देतोय. नॉर्मनने झारा खाली ठेवला. "काही चुकलं नाही. विसाव्याला पैसे द्यावे लागतील, आणि क्लबाकडे ते नाहीत. म्हणून खेळवत नाहीत."

मेव्हिसने हातातले पुडके काउंटरवर तसेच ठेवले आणि ती निघून गेली. रांगेतले कुणी हलले नाही. नॉर्मनने पुढच्या माणसाला विचारले, मीठ-व्हिनेगर घालायचे का. मला त्याचा असा राग आला, आणि त्याची इतकी कीवही आली, की मी उगाच सोड्याच्या बाटल्या खणखणवल्या.

त्याच्याकडे आणि डोरीनकडे नव्या तळणीसाठी साठवलेले पैसे होते. जुनी तळणी कधी पेट घेईल याचा नेम नव्हता. नॉर्मनने ठरवले, ते पैसे द्यायचे. डोरीन दोन दिवस रडली आणि मग हो म्हणाली. त्या घरात हो म्हणणे नेहमी तिच्याच वाट्याला येई. मी त्याला बजावून सांगितले, की रोख घे, पाकिटात घाल, आणि मेव्हिसच्या स्वयंपाकघरात टेबलावर ठेवून ये.

"असं कसं, विनी?" तो म्हणाला. "खजिनदार खेळाडूला खिशातून पैसे देतो, हे बरं दिसेल का? देणं क्लबाचं आहे. ते क्लबाच्या खात्यातूनच गेलं पाहिजे."

आणि त्या शहाण्याने पैसे क्लबाच्या खात्यात भरले. दोन दिवसांनी ग्लेनच्या नावाचा धनादेश घेऊन बँकेत गेला, तर साहेबाने त्याला खुर्ची दिली आणि समजावून सांगितले, की खाते उण्यात होते, भरलेले पैसे त्यात वळते झाले, खाते अजूनही उण्यातच आहे, त्यामुळे हा धनादेश वटणार नाही. नॉर्मन परत आला, कोट खुंटीला लावला आणि बटाटे सोलायला बसला. समितीने पुढच्या बैठकीत त्याच्या आभाराचा ठराव एकमताने मंजूर केला. डोरीनने त्याच्याशी बोलणे टाकले, आणि मी तिची समजूत काढायला गेले नाही.

उन्हाळ्यात मोठ्या क्लबाने पुन्हा विचारणा केली. आमच्या क्लबाने सोडल्याशिवाय पोराला दुसरीकडे खेळता येत नव्हते, आणि आमच्या तेरा जणांच्या रग्बीत एकदा पैसे घेतलेल्याला पंधरा जणांच्या, बिनपैशाच्या हौशी रग्बीत तर दारातही उभे करत नसत. क्रॉसलँडने सांगितले, वीस हजार द्या आणि घेऊन जा. मोठ्या क्लबाने वाटाण्याच्या अक्षता लावल्या. राखीव संघातल्या पोराला वीस हजार कोण देणार? म्हणजे विकायचा झाला तर पोरगा वीस हजारांचा, आणि त्याच्या हातावर ठेवायची वेळ आली तर अडीच हजारांचाही नाही. हे मी क्रॉसलँडला तोंडावर सुनावले. तो म्हणाला, विनी, तू म्हणतेस ते बरोबर आहे. बरोबर आहे म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचे तरी कसे?

नवा हंगाम सुरू झाला तरी ग्लेन राखीव संघातच होता. ओल्या शनिवारी, पाचपन्नास माणसे आणि चारदोन कुत्र्यांसमोर खेळायचा. आता तो टेकडीवर धावत नसे. मग ऑक्टोबरात आमच्या बगलेवरच्या खेळाडूचे गळपट्टीचे हाड मोडले, आणि त्याच रविवारी शेजारच्या गावाशी चषकाचा सामना होता. क्रॉसलँडने एक कागद करून आणला. ग्लेन उरलेल्या रकमेवरचा हक्क सोडतो आहे, एवढेच त्यात होते.

या वेळी आईला कुणी विचारले नाही, कारण पोरगा आता सज्ञान झाला होता. त्याला गुरुवारी सरावाच्या कपड्यांतच समितीच्या खोलीत बोलावले. मी चहा ओतत होते. क्रॉसलँडने कागद पुढे सरकवला आणि पेनही.

"सही करू नकोस, ग्लेन," नॉर्मन म्हणाला. "ते पैसे तुझे आहेत. तुझ्या बापाच्या न्हाणीघराचे आहेत."

ग्लेनने कागद वाचला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. "काका, नाही केली सही, तर रविवारी मी खेळतो का?"

नॉर्मनने क्रॉसलँडकडे पाहिले. क्रॉसलँड टेबलाकडे पाहत होता.

"नाही," नॉर्मन म्हणाला.

"त्याच्या पुढच्या रविवारी?"

नॉर्मनला खोटे बोलता येत नव्हते आणि खरे तोंडातून निघेना. पोराने पेन उचलले आणि सही केली. कागदावर खजिनदाराचीही सही लागत होती. क्रॉसलँडने तो नॉर्मनकडे सरकवला, आणि नॉर्मन त्याकडे इतका वेळ बघत बसला, की शेवटी ग्लेनच म्हणाला, "करा ना, काका. सराव सुरू होईल." त्याने केली. गरम किटली माझ्या हातात होती, आणि ती नेमकी कुणाच्या अंगावर ओतावी हे मला ठरवता येईना, म्हणून मी ती तशीच परत नेली.

मेव्हिसला हे कळले तेव्हा तिने मला एवढेच विचारले, की तू तिथे होतीस ना? मी हो म्हटले. त्यानंतर ती आमच्या दुकानात आली नाही. मासे घ्यायला टेकडीपलीकडच्या दुकानात जाऊ लागली. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केले असते.

रविवारी ग्लेन खेळला. पहिल्या अर्ध्या भागात त्याचा पाय जड वाटत होता; राखीव संघात पळून पळून माणूस तसाच पळायला लागतो. एकदा तर त्याला जागच्या जागी पाडले, आणि मागून कुणीतरी ओरडले, की आजोबांना घरी न्या. पण दुसऱ्या भागात त्याला बगलेवर मोकळी जागा मिळाली आणि तो निघाला. माझ्या बायका खिडकीशी धावल्या. त्याने चेंडू रेषेपलीकडे टेकवला तेव्हा स्टँडच्या छपरावरचे पत्रे हादरले. आम्ही जिंकलो. क्रॉसलँडने माझ्या खोलीत येऊन सगळ्या बायकांशी हस्तांदोलन केले, आणि मी ओले हात पुढे केले.

सामन्याचे पैसे कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या एका खिडकीतून मिळत. हरले तर थोडे, जिंकले तर दुप्पट. खिडकीत नॉर्मन पाकिटांचा गठ्ठा घेऊन बसे. मी त्याला चहा द्यायला गेले तेव्हा ग्लेन रांगेत सगळ्यांत पुढे उभा होता. केस ओले, ओठ फाटलेला, आणि चेहरा असा की त्याच्याकडे बघून कुणालाही बरे वाटावे. नॉर्मनने पाकीट पुढे केले, पण वर पाहिले नाही.

"काका, तोंड का पाडलंय? जिंकलोय आपण," ग्लेन म्हणाला. मग तो जरा खाली वाकला आणि हळू बोलला. "त्या पैशांचं मनाला लावून घेऊ नका. मी फुकटसुद्धा खेळलो असतो. पहिल्याच दिवशी मला विचारलं असतंत, तर सांगितलं असतं."

पोरगा खांद्यावर पिशवी टाकून, शीळ घालत निघून गेला. मी चहाचा कप खिडकीत ठेवला, पण तो त्याला दिसला की नाही कोण जाणे. मागे बाकीचे खेळाडू ताटकळत उभे होते. नॉर्मनने गठ्ठ्यातले पुढचे पाकीट उचलले आणि त्यावरचे नाव वाचले.